नसलेला आजार शोधताना

आत्ता ओळख करून देताना 'जनावरांचे डॉक्टर' म्हणालात, ते खरंच आहे. पण शेवटचं इंजेक्शन कधी टोचलं हे मला आठवत नाही. साथरोगांकडे वळलेल्या पशुवैद्याचा पेशंट म्हणजे अख्खा कळप. सुरुवातीला याचा फार त्रास व्हायचा. समोर गाय कण्हतेय आणि आपण वही उघडून विचारतोय: ही घरची की विकत आणलेली? आणली कधी? पाण्यावर आणखी कुणाची जनावरं येतात? मालक वैतागतो. वैतागणारच.

या कामातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट बुळकांडीची, म्हणजे गुरांच्या रिंडरपेस्ट या विषाणूजन्य रोगाची. देवीनंतर जगातून घालवलेला हा दुसराच रोग. २०११ साली तशी घोषणा झाली. आधी ताप, मग डोळ्यांना चिपडं. जबडा उघडून हिरडीवर बोट फिरवलं की ओला कोंडा चिकटावा तशी मेलेली त्वचा बोटाला येते. पुढे हगवण, आणि घाण वास. लाळ्या खुरकुतातही तोंड येतं, पण त्यात फोड असतात आणि खुरांच्या बेचक्यातही जखमा होतात. बुळकांडीत पाय सहसा शाबूत राहतात.

वॉल्टर प्लोराइट यांनी केनियात काम करताना उत्तम लस तयार केली. एकच डोस पुरायचा, पण ती बर्फातून न्यावी लागे. १९९०च्या सुमारास उष्णता सोसणारी लस आली आणि शिकवून तयार केलेले गुराखीच आपल्या कळपांना टोचू लागले. डॉक्टरच हवा, हा आमचा हट्ट तिथे गळून पडला. बरं झालं.

खरी कसोटी त्यानंतरची. रोग गेला, हे दाखवायचं कसं? त्यासाठी आधी लसीकरण बंद करावं लागतं. पाहणाऱ्यांना वेडेपणा वाटतो, पण या लसीनं आलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, आणि रोगानं आलेली, रक्तात सारखीच दिसतात. म्हणून लस थांबल्यावर जन्मलेली आदत, म्हणजे दुधाचे दात अजून न पडलेली, जनावरं शोधायची. दात बघितल्याशिवाय मालकाच्या शब्दावर वय लिहायचं नाही. अगदी लहान वासरूही चालत नाही. चिकातून आईची प्रतिपिंडं आलेली असतात. मोठ्या कळपात शंभरात एकाला जरी लागण झालेली असेल, तरी ती ९५ टक्के खात्रीनं सापडावी यासाठी साधारण ३०० जनावरांचं रक्त लागतं, तेही चाचणी बिनचूक असेल तर.

रक्ताइतकाच प्रश्नही नीट घ्यावा लागतो. "बुळकांडी आली होती का?" असं कधी विचारू नये. लस मिळेल या आशेनं एक जण हो म्हणतो, बाजार बंद होईल या भीतीनं दुसरा नाही म्हणतो. "तुमच्या जनावरांना काय काय होतं?" एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. म्हातारा गुराखी एकेका रोगाचं नाव घेतो, लक्षणं सांगतो, कोणत्या वर्षी किती दगावली तेही सांगतो. मी तरुणपणी मध्येच बोलायचो. त्यात किती माहिती गमावली असेल, देव जाणे.

शेवटचा विषाणू २००१ साली केनियातल्या रानरेड्यांत सापडला. तो शेवटचा आहे, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानंतरही वर्षानुवर्षं रक्ताच्या नळ्या प्रयोगशाळेत जात राहिल्या.