आकडे घातलेला पियानो

नमस्कार श्रोतेहो.

पियानो शिकलेलो नाही, स्वरलिपी वाचता येत नाही, पण डोक्यात चाल आहे आणि ती उद्यापर्यंत टिकवायची आहे. अशा माणसानं काय करावं? मेल्विन व्हॅन पीबल्स यांनी पियानोच्या पट्ट्यांवर एक, दोन, तीन, चार असे आकडे घातले आणि चालीऐवजी आकडे लिहून ठेवले. चित्रपट त्यांचाच, पटकथा त्यांची, दिग्दर्शन त्यांचं, नायकही तेच; मग संगीतकाराला वेगळे पैसे कुठून द्यायचे? तेही काम त्यांनीच अंगावर घेतलं. आज मी बोलणार आहे ते या माणसाबद्दल. अमेरिकेतला स्वतंत्र चित्रपटाचा एक आद्य खटपट्या आणि ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, संगीत नाटकं लावणारा निर्माता, अशी त्यांची दुहेरी ओळख.

त्यांचा जन्म 1932 साली शिकागोत झाला. ओहायो वेस्लियन विद्यापीठातून पदवी घेतल्यावर ते हवाई दलात दिशादर्शक म्हणून होते. तिथून बाहेर पडल्यावर सॅन फ्रान्सिस्कोत केबल कार, म्हणजे जमिनीखालच्या दोरानं ओढली जाणारी ट्राम, चालवायला लागले. त्या उतारांवरून खडखडत जाणाऱ्या गाड्यांवर 1957 साली एक पुस्तकही लिहिलं. त्याच सुमारास सिनेमाचं वेड लागलं. ते स्वतः नंतर गंमतीनं सांगत, की आपण पूर्ण लांबीचे चित्रपट काढतोय अशा समजुतीत त्यांनी रिळं भरली, आणि जोडून पाहिलं तर एकेक चित्रपट अकरा मिनिटांचा! हे लघुपट घेऊन ते हॉलिवूडला गेले. काळ्या माणसाला दिग्दर्शक व्हायचंय, ही कल्पनाच तिथे कुणाच्या डोक्यात शिरेना. त्यांनीच सांगितलेल्या आठवणीप्रमाणे त्यांना लिफ्ट चालवण्याची नोकरी देऊ केली गेली.

मग ते हॉलंडला गेले, तेही खगोलशास्त्र शिकायला. आडनावातलं ‘व्हॅन’ तिथलं, मूळचं नव्हे. हे ‘व्हॅन’ लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दरम्यान पॅरिसच्या सिनेमातेक फ्रान्सेझ या चित्रपट संग्रहालयाचे आंरी लांग्लुआ यांनी ते लघुपट पाहिले आणि बोलावणं धाडलं. पॅरिसला कौतुक झालं, पण कौतुकानं पोट भरत नाही. खिशात पैसे नाहीत, भाषा येत नाही. रस्त्यावर गाऊन-वाजवून दिवस काढले, फ्रेंच शिकले, नियतकालिकांत लिहू लागले. आणि इथे त्यांच्या स्वभावाचा खरा धागा हाती लागतो. फ्रान्समध्ये दिग्दर्शन करायला परवाना लागत असे. तो मिळवायची नेहमीची वाट लांबलचक होती. पण एक कलम त्यांच्या नजरेला पडलं: फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या लेखकाला स्वतःच्या कथेवर चित्रपट करायचा असेल, तर तात्पुरता परवाना मिळतो. झालं. हा गडी फ्रेंचमध्ये कादंबऱ्या लिहायला बसला! दिग्दर्शक होण्यासाठी परक्या भाषेत कादंबरीकार होणारा दुसरा माणूस मला तरी माहीत नाही.

त्यातूनच ‘द स्टोरी ऑफ अ थ्री-डे पास’ हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट झाला. फ्रान्समध्ये तैनात असलेला एक कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक, त्याला मिळालेली तीन दिवसांची रजा आणि एक पॅरिसची मुलगी. 1967 साली हा चित्रपट सॅन फ्रान्सिस्कोच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात फ्रान्सच्या वतीनं दाखल झाला. व्हॅन पीबल्स नावाचे कुणी युरोपीय दिग्दर्शक येणार, म्हणून आयोजक स्वागताला. आणि समोर उभा राहिला कोण? त्याच गावात केबल कार चालवणारा आपला माणूस!

यानंतर हॉलिवूडचं दार उघडलं. कोलंबिया कंपनीनं ‘वॉटरमेलन मॅन’ दिला, 1970 साली तो प्रदर्शित झाला. वर्णद्वेष्टा गोरा विमा एजंट एके सकाळी काळा होऊन उठतो, असं कथानक. कंपनीच्या मनात गोऱ्या नटाला काळं फासायचं होतं. व्हॅन पीबल्स यांनी उलटं करायला लावलं: गॉडफ्रे केंब्रिज हा कृष्णवर्णीय नट घेतला आणि सुरुवातीच्या भागापुरता त्याला गोरा रंगवला. शेवटाबद्दलही वाद. कंपनीला हवं होतं, की हे सगळं स्वप्न निघावं आणि नायक पुन्हा गोरा व्हावा. दिग्दर्शकानं कबूल केलं, दोन्ही शेवट चित्रित करू म्हणाले, आणि आपल्याला हवा तो करून दुसरा करायचा ‘राहूनच गेला’.

चित्रपट चालला. पुढच्या तीन चित्रपटांचा करार समोर होता. शहाण्या माणसानं इथे सही केली असती. व्हॅन पीबल्स यांनी मात्र आपली कमाई घेतली, विनोदी नट बिल कॉस्बी यांच्याकडून 50,000 डॉलर उसने घेतले, आणि 19 दिवसांत ‘स्वीट स्वीटबॅक्स बॅडॅस्स्स्स्स साँग’ हा चित्रपट उरकला. पोलिसांच्या अत्याचाराला उलटा तडाखा देऊन पळणारा आणि शेवटी हाती न सापडणारा काळा नायक. श्रेयनामावलीत प्रमुख कलाकार म्हणून काय लिहिलं होतं? ‘कृष्णवर्णीय समाज’.

कामगार संघटनांच्या दरानं माणसं घेणं परवडणारं नव्हतं, आणि त्यांना हवे असलेले काळे तंत्रज्ञ तर संघटनांत फारसे नव्हतेच. मग आवई उठवली, की आपण अश्लील चित्रपट काढतोय. तसल्या चित्रीकरणाकडे संघटना ढुंकूनही पाहत नसत. संगीतासाठी एक नवखा बँड मिळाला. त्यातला एक जण व्हॅन पीबल्स यांच्या सेक्रेटरीचा मित्र होता. ‘अर्थ, विंड अँड फायर’ हे त्या बँडचं नाव पुढे जगभर गाजलं. जाहिरातीला पैसे नव्हते, म्हणून चित्रपटाआधी गाण्यांची तबकडी बाजारात आणली. गाणी रेडिओवर वाजली की तीच जाहिरात. आज सगळेच असं करतात. तेव्हा ती गरजेतून सुचलेली युक्ती होती.

31 मार्च 1971 ला डेट्रॉइटमध्ये चित्रपट लागला. सुरुवातीला सबंध अमेरिकेत फक्त दोन चित्रपटगृहं तयार झाली होती, एक डेट्रॉइटचं, दुसरं अटलांटाचं. सेन्सॉरच्या धर्तीवरच्या मंडळानं त्याला ‘एक्स’, म्हणजे फक्त प्रौढांसाठी, ठरवलं. त्याचंही यांनी भांडवल केलं: ‘सर्व-गोऱ्या ज्यूरीकडून एक्स’ असा मजकूर छापलेले टी-शर्ट! चित्रपटानं एक कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाच्या ह्युई न्यूटन यांनी पक्षाच्या मुखपत्राचा अख्खा अंक या चित्रपटाला दिला.

माझं मत विचाराल, तर हा चित्रपट आज पाहताना मी अस्वस्थ होतो. त्यातल्या बायका कथेत फक्त वापरल्या जातात. आणि सुरुवातीच्या वेश्यागृहातल्या प्रसंगात त्यांनी आपल्याच किशोरवयीन मुलाला उभं केलं, त्याचं समर्थन मला करता येत नाही. धाडसाच्या कौतुकात हे झाकून टाकू नये. बाकी ज्या पद्धतीनं तो बनला आणि विकला गेला, ती पद्धत मात्र पुढच्या कित्येक स्वतंत्र दिग्दर्शकांनी गिरवली.

आता नाटकाकडे वळू. खरं तर मला त्याच्यासाठीच हे भाषण करायचं होतं. चित्रपटाच्या नादात व्हॅन पीबल्स यांचा रंगभूमीवरचा उद्योग लोक विसरतात.

त्यांच्या आधीच्या तबकड्यांवर एक वेगळाच प्रकार होता. गाणं म्हणावं तर सूर पुरता लागत नाही, बोलणं म्हणावं तर ताल सुटत नाही. मागे वाद्यं, पुढे एखादं पात्र आपली कैफियत मांडतंय. कुणी भिकारीण, कुणी फाशीची वाट पाहणारा कैदी, कुणी अंध. मला हे ऐकताना नाथांची भारुडं आठवतात. तिथेही आंधळा, मुका, जोशी एकेक करून पुढे येतात आणि आपलं गाऱ्हाणं घालतात. फरक इतकाच, की नाथांच्या भारुडाला शेवटी परमार्थाचा निवारा आहे. यांच्या गल्लीत तो नाही. ही गाणी एका रस्त्यावरच्या माणसांच्या तोंडी गुंफून ‘एंट सपोज्ड टू डाय अ नॅचरल डेथ’ हे संगीत नाटक उभं राहिलं. आधी कॅलिफोर्नियातल्या एका महाविद्यालयात ते करून पाहिलं, आणि 20 ऑक्टोबर 1971 ला, म्हणजे ‘स्वीटबॅक’नंतर सातच महिन्यांत, ब्रॉडवेच्या एथेल बॅरिमोर थिएटरात त्याचा पडदा उघडला. दिग्दर्शक गिल्बर्ट मोझेस. रूढ अर्थानं कथा नाही, प्रेमाची जोडी नाही, टाळ्यांसाठी गोड शेवटही नाही. अखेरीस एक म्हातारी बाई प्रेक्षकांकडे वळते आणि त्यांना शाप देते! तिकीट काढून आलेल्या माणसाला शाप देऊन घरी पाठवणारा नाटककार विरळाच.

चित्रपट आणि ब्रॉडवेचं संगीत नाटक यांचे हिशेब अगदी वेगळे असतात, ते जरा सांगतो. चित्रपट एकदा डब्यात बंद झाला की खर्च थांबतो. दोनच चित्रपटगृहं मिळाली तरी तो तिथून पुढे सरकू शकतो. नाटकाचं तसं नाही. आठवड्याला साधारण आठ प्रयोग, आणि दर आठवड्याला नट, वादक, पडद्यामागचे कामगार, थिएटरचं भाडं यांचे पैसे मोजायचेच. गल्ला ठरलेल्या आकड्याच्या खाली गेला, की थिएटरमालक जागा मोकळी करायला सांगू शकतो. संगीत नाटकात वादकवृंदामुळे हा आकडा आणखी चढतो. आपल्याकडच्या संगीत नाटक मंडळ्यांच्या मालकांना हे पुरतं ठाऊक होतं. रंगमंचावर राजा, आणि विंगेत सावकार उभे! व्हॅन पीबल्सपुढे आणखी एक अडचण होती. ज्या प्रेक्षकासाठी हे नाटक होतं, तो ब्रॉडवेला येतच नसे. ती रंगभूमी आपली नाही, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या कळून चुकलेलं. त्याला त्या खुर्चीपर्यंत आणणं हाच निर्मात्याचा निम्मा धंदा होता.

नाटक मध्येच अँबॅसडर थिएटरात हलवावं लागलं, पण 30 जुलै 1972 पर्यंत टिकलं. 325 प्रयोग, आठवड्याला आठ धरले तर चाळीसेक आठवडे. ब्रॉडवेच्या मानाच्या टोनी पुरस्कारांची सात नामांकनं मिळाली. आणि ते चालू असतानाच, मे महिन्यात, याच लेखकाचं दुसरं संगीत नाटक त्याच एथेल बॅरिमोर थिएटरात लागलं. म्हणजे 1972 च्या उन्हाळ्यात काही आठवडे ब्रॉडवेवर त्यांची दोन नाटकं एकाच वेळी सुरू होती.

या दुसऱ्या नाटकाचं नाव ‘डोन्ट प्ले अस चीप’. मूळ गोष्ट त्यांच्या फ्रेंच कादंबरीची. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत शनिवारी रात्री मिस मेबेल यांच्या घरी पार्टी चाललीय. ती उधळून लावायला दोन छोटे सैतान माणसांच्या रूपात येतात. पण ही माणसं इतकी मायाळू, की एका सैतानाचं मनच वितळतं आणि तो प्रेमात पडतो. पहिल्या नाटकात जेवढा कडवटपणा, तेवढाच इथे लोभसपणा. मला विचाराल तर व्हॅन पीबल्स रागावलेले असताना जितके बरे लिहितात, त्याहून खुशीत असताना बरे लिहितात. पण हे म्हणणारा मी एकटाच असेन.

गंमत अशी, की हे नाटक आधी चित्रपट म्हणून तयार होतं. पुढे नाटकात दिसलेल्याच मंडळींना न्यू मेक्सिकोत नेऊन त्यांनी चित्रीकरण पूर्ण केलं होतं. ‘स्वीटबॅक’नं एवढा गल्ला जमवूनही या चित्रपटाला वितरक मिळेना. मग तेच रंगमंचावर आणलं. लेखन, संगीत, दिग्दर्शन, निर्मिती, सगळं एकाच माणसाचं. 164 प्रयोग झाले आणि ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला नाटक उतरलं.

पुढची वर्षं मी भराभर सांगतो, कारण ती तशीच गेली. 1982 साली ‘वॉल्ट्ज ऑफ द स्टॉर्क’ या संगीत नाटकात ते स्वतः उभे राहिले. त्याच दशकात अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजच्या सभागृहात ऑप्शन्सचे, म्हणजे ठरल्या भावानं पुढे शेअर घेण्या-विकण्याच्या हक्कांचे, सौदे करू लागले, आणि त्यावरही पुस्तक लिहिलं. मुलगा मारिओ दिग्दर्शक झाला. ‘स्वीटबॅक’ कसा बनला यावर 2003 साली त्यानं चित्रपट काढला आणि त्यात बापाची भूमिका केली. लहानपणी ज्या चित्रपटात आपल्याला उभं केलं गेलं, तो घडताना बापाच्या जागी उभं राहून पाहणं, हे त्याला कसं वाटलं असेल, असा विचार माझ्या मनात येतो.

2020 साली ‘स्वीटबॅक’ अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत दाखल झाला. 21 सप्टेंबर 2021 ला, वयाच्या 89 व्या वर्षी व्हॅन पीबल्स गेले. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या चार चित्रपटांचा संच बाजारात आला. त्यात ‘डोन्ट प्ले अस चीप’ आहे. मेबल किंग, एव्हन लाँग, एस्थर रोल ही सगळी मंडळी त्या पार्टीत नाचताना-गाताना दिसतात. नाटक उतरलं की उरत नाही. हे उरलं, कारण तेव्हा कुणी विकत न घेतलेला चित्रपट डब्यात पडून राहिला होता.

ज्या नाटकाचे 325 प्रयोग झाले, ज्याच्या शेवटी ती म्हातारी शाप देत असे, त्याचा तो मूळ प्रयोग मात्र आता पाहायला मिळत नाही. त्याच्या मूळ नटसंचाची तबकडी आहे. आपण रेडिओवाले आहोत, आपल्याला तेवढं पुरे. दिवे मंद करा आणि ती ऐका. शेवटचं गाणं पूर्ण होईपर्यंत बंद करू नका.

नमस्कार.