रंगाखालची चौकट

(दृश्य: जुन्या दाराची लाकडी चौकट. कॅमेरा हळूहळू कोपऱ्याजवळ जातो.)

या कोपऱ्यावर नखाएवढा टवका उडालाय. जवळून बघा. वरचा रंग पांढरा. त्याखाली फिकट राखाडी, मग गडद हिरवा, मग तपकिरी, आणि अगदी तळाशी पिवळट अशी एक पातळ रेघ. यातला प्रत्येक रंग लावताना कुणालातरी वाटलं असेल, आता कसं दार शोभून दिसतंय. आणि तेव्हा ते शोभलंही असेल. पाच रंग आले आणि गेले, चौकट तीच राहिली. तिच्यातून जाताना आजही खांदा घासत नाही. कपाट सरळ आत येतं. दार कुरकुरायला लागलं तर बिजागरी काढून दुसरी बसवता येते.

नवं घर बांधायला काढलं की पहिली काळजी असते ती ही, की दहा वर्षांनी हे जुनाट दिसणार नाही ना? दहा वर्षांनी कशाची फॅशन असेल हे कुणालाच सांगता येणार नाही. पण घरातलं काय सहज बदलता येईल आणि काय बदलायला भिंत फोडावी लागेल, हे आज, या क्षणी सांगता येतं. घर टिकतं ते या दोन गोष्टींची गल्लत न केल्यामुळे.

(दृश्य: बांधकाम चालू असलेलं घर. उघड्या विटा, भिंतीतले कंड्युट, म्हणजे वायरी ओवायचे पाईप.)

फ्रँक डफी या ब्रिटिश वास्तुरचनाकारांनी कार्यालयांच्या इमारतींचा अभ्यास करताना एक साधी गोष्ट दाखवून दिली. इमारत ही एक वस्तू नसतेच, वेगवेगळ्या आयुष्याचे थर एकत्र नांदत असतात. त्यांच्या हिशेबात सांगाडा सुमारे ५० वर्षांचा, पाईप-वायरिंगसारख्या सोयी १५ वर्षांच्या, आतली विभागणी आणि सजावट ५ ते ७ वर्षांची. टेबल-खुर्च्या तर रोजच हलतात. घराचे आकडे वेगळे निघतील, क्रम मात्र हाच.

घोटाळा होतो तो हे थर एकमेकांत अडकवले की. पाण्याचा पाईप फरशीखाली कायमचा गाडला जातो. पंधरा वर्षांनी त्याचा एक सांधा गळायला लागतो, फरशी फोडावी लागते, आणि त्या छटेची फरशी आता कुठेच मिळत नाही. घराला ठिगळ लागतं. मग दुसरं. घर खरोखर जुनाट दिसायला लागतं ते अशा ठिगळांनी. रंगाचा दोष त्यात फार थोडा असतो.

म्हणून पाईपांसाठी झाकण उघडून हात घालता येईल असा शाफ्ट, म्हणजे उभी पोकळी, ठेवा. वायरींसाठी एक-दोन कंड्युट रिकामे टाकून ठेवा. आणि गिलावा चढवण्याआधी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढा. एका दुपारचं काम आहे, पण पुढे प्रत्येक वेळी ड्रिल हातात घेताना त्या फोटोंची आठवण येईल.

(दृश्य: जमिनीत खोल गेलेली चौकोनी बैठक. चारी बाजूंनी गाद्या.)

१९५७ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबस, इंडियाना इथे वास्तुरचनाकार एरो सारिनेन यांनी मिलर कुटुंबासाठी घर पूर्ण केलं. त्याच्या दिवाणखान्यात जमिनीतच एक खोलगट चौकोन आहे. पायऱ्या उतरून आत जायचं आणि गाद्यांवर बसून गप्पा मारायच्या. त्या घरात तो आजही देखणा दिसतो. पण ही कल्पना फॅशन म्हणून पसरली आणि पुढे कितीतरी जणांनी आपापल्या घरातले असे खड्डे बुजवून टाकले. रांगणारं मूल, दुखरे गुडघे, अंधारात चुकलेलं पाऊल. खड्ड्याला यातलं काहीच सोसत नाही. तीच बैठक सुट्या गाद्यांची असती, तर हौस फिटल्यावर उचलून ठेवता आली असती.

यावरून कुणी म्हणेल, मग सगळं साधं, पांढरं-राखाडी ठेवावं, म्हणजे धोकाच नको. हे मला अजिबात पटत नाही. पांढरं-राखाडी हीसुद्धा एक फॅशनच आहे, फक्त ती दबकत येते.

(दृश्य: पांढऱ्या आणि करड्या पृष्ठभागांचं, लाल-निळ्या-पिवळ्या रेषांचं घर. वरच्या मजल्यावर भिंती सरकतात.)

हे घर बघा. नेदरलँड्समधलं उट्रेख्त, साल १९२४. ट्रूस श्रोडर यांच्या पतीचं आदल्याच वर्षी निधन झालेलं, पदरात तीन मुलं. त्यांनी वास्तुरचनाकार गेरिट रीटफेल्ट यांच्यासोबत स्वतःसाठी हे घर रचलं. आपल्या काळाचा एवढा ठळक शिक्का असलेली घरं फार थोडी असतील. लाल, निळा, पिवळा, काळा. लपवाछपवी काहीच नाही. तरीही १९८५ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत त्या याच घरात राहिल्या. साठ वर्षं!

त्याचं एक कारण वरच्या मजल्यावर आहे. तिथल्या भिंती सरकत्या आहेत. दिवसा सगळा मजला मोकळा, रात्री भिंती ओढल्या की ज्याची त्याची निजायची खोली तयार. मुलं लहान असताना घर एक होतं, मुलं गेल्यावर दुसरं. आणि दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. ते घर त्यांना हवं तसं होतं. दुसऱ्याच्या नजरेत ते जुनं झालं की नाही, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

(दृश्य: जिना चढणारी पावलं.)

मग ज्याला हात लावता येणार नाही, ते कशाच्या आधारावर ठरवायचं? शरीराच्या. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये वास्तुरचनाकार फ्रांस्वा ब्लाँडेल यांनी पायरीचं गणित माणसाच्या पावलाशी जोडलं. पायरीच्या उंचीची दुप्पट आणि त्यात तिची रुंदी, म्हणजे पाय ठेवायची खोली, मिळवली की चालतानाच्या एका पावलाचं अंतर व्हायला हवं. आज ती बेरीज साधारण ६० ते ६४ सेंटीमीटर धरतात. १७ सेंटीमीटर उंच आणि २९ रुंद पायरी घेतली तर बेरीज ६३. साडेतीनशे वर्षांत कपडे बदलले, पाऊल नाही बदललं. बेताच्या पायऱ्यांचा जिना कधी लक्षातच येत नाही. आणि चुकलेला जिना रोज, प्रत्येक वेळी, पोटरीला आठवण देतो.

दारं रुंद ठेवा, आज घरात चाकाची खुर्ची नसली तरी. कठडा असा ठेवा की म्हाताऱ्या मुठीत मावेल.

आणि ऊन. फॅशन त्याला शिवू शकत नाही. पूर्व-पश्चिमेचं ऊन खालून, तिरपं येतं, आडवा छज्जा त्याला अडवू शकत नाही. तिथली खिडकी कुठे आणि केवढी, हे कागदावर ठरवाल तर फसाल.

(दृश्य: मोकळा प्लॉट. खुंट्या आणि सुतळी. संध्याकाळ.)

पाया खणण्याआधी प्लॉटवर सुतळी बांधून अख्खं घर खऱ्या मापात आखा. सकाळी खुर्ची घेऊन जा, निजायच्या खोलीत बसा, ऊन डोळ्यांवर येतंय का बघा. स्वयंपाकघरातून दारापर्यंत हातात भरलेली कळशी घेऊन चाला. आणि मग अंधार पडल्यावर पुन्हा एकदा जा. सुतळीच्या दारातून आत पाऊल टाका. हात आपोआप भिंतीकडे जाईल, दिव्याचं बटण शोधत. भिंत अजून नाही. हात जिथे थांबला, तिथे खाली एक खुंटी ठोका.