आधी तिथी, मग रविवार

(सोलापुरात निसर्गप्रेमींच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, दाते पंचांग आपल्या सोलापुरातून निघतं. मुहूर्तासाठी ते घराघरांत उघडलं जातं, पण समुद्रकाठी चालायला जायचं तरी आपण तिथी बघत नाही. मीही बघितली नव्हती.

पहिल्या वेळी आम्ही चौदा जण होतो. सगळ्यांना सोयीचा रविवार धरला, तो निघाला अमावास्येचा. सावकाश नाश्ता करून नऊला निघालो. साडेदहाच्या सुमारास पुढची वाळू दिसेना आणि मागची वाटही पाण्याखाली गेली. कड्याखालच्या खडकांवर दोन लहान मुलांना धरून आम्ही तीन तास बसलो. तिथं कालवं काढायला येणाऱ्या एका मावशींनी नंतर विचारलं, "तिथ बघून नाय आलात?" त्यांनीच हिशेब शिकवला. तिथीला पाऊणनं गुणायचं, की भरतीची वेळ येते. अमावास्या म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे आम्ही भर चढत्या पाण्यात चालायला निघालो होतो!

आता पंचमी घ्या. पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती. त्याआधी साधारण सहा तास, पावणेदहाला पूर्ण ओहोटी. सातला निघायचं आणि अकराच्या आत वाळू सोडायची. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढं सरकते, त्यामुळे गेल्या आठवड्याची वेळ या आठवड्याला चालत नाही. हिशेब ढोबळ आहे. निघण्याआधी त्या किनाऱ्याचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहायचंच. चतुर्थीही चालते, पण संकष्टी असली तर निम्म्या मंडळींचा उपवास असतो. उपाशीपोटी दमट हवेत चालवायला मी कुणालाच नेणार नाही.

आपण जाणार आहोत वेळासला, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात. नाना फडणवीसांचं हे गाव. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांच्या साथीनं तिथं ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. मादी रात्री येते, भरतीरेषेच्या वर कोरड्या वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. पुढं साधारण पन्नास दिवस ती अंडी वाळूच्या उबेवर असतात. कोल्ह्या-कुत्र्यांपासून वाचावीत म्हणून ती कुंपणातल्या जागेत हलवतात आणि प्रत्येक घरट्याची तारीख लिहून ठेवतात. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथी ठरवण्याआधी गावात फोन करायचा. पिल्लं दिसतीलच असं वचन मात्र कुणी देत नाही.

चालायचं ओल्या, घट्ट वाळूवरून. पाय रुतत नाहीत, आणि कोरड्या वाळूत एखादं घरटं नजरेतून सुटलेलं असलं तर त्यावर पाय पडत नाही. ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल; ती खेकड्यांनी वाळूतलं अन्न खाऊन बाजूला टाकलेली वाळू. सुरूच्या झाडांवर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड दिसला तर खाली घोळका करायचा नाही. अंधारात टॉर्च अजिबात नाही. पिल्लू समुद्राकडच्या उजेडाचा माग काढत जातं, तुमचा टॉर्च त्याला उलट नेतो. पिल्लाला हात लावू नका, उचलून पाण्याजवळ नेऊ नका. तळहाताहून लहान जीव तो. पहिली लाट त्याला उताणं पाडते, ते धडपडत पुन्हा सरळ होतं. ते बघून हात पुढं करावासा वाटतोच. तरी चालू द्यायचं.

आपल्या नान्नजचा माळढोक पक्षी डोळ्यांदेखत दुर्मीळ झाला. म्हणून या बाबतीत मी कडक आहे.

सोळाच्या वर माणसं नकोत. पुढं एक जाणता आणि सगळ्यांच्या मागं एक. त्याच्या मागं कुणी राहायचं नाही. माणशी तीन लिटर पाणी घ्या. आपल्याकडं उन्हात घाम वाळतो, तिथं अंगावरच राहतो आणि तहान कळत नाही. शिदोरीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. रात्रभराच्या प्रवासानंतरही ती तशीच असते.

वही दाराशी ठेवली आहे. नावापुढं गुडघेदुखी, दमा, साखर जे असेल ते लिहा. पुढं कुणी चालायचं आणि मागं कुणी, ते त्यावरूनच ठरवणार आहोत.