करंजाचे अबोल शेजारी

(उरण येथील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं आलो. ओहोटी लागली की इथल्या मोरा बंदरात लाँच येत नाही, गाळात बसते. हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे कोळ्याला पोहायला शिकवणं. पण आजचा विषय या गाळापासूनच सुरू करतो.

नौदलाच्या मरीन कमांडोंचा, म्हणजे मार्कोसचा, तळ तुमच्या करंजाला आहे. आयएनएस अभिमन्यू. निवडीच्या वेळी तिथल्या पोरांना मांडीएवढ्या चिखलातून आठशे मीटर जायला लावतात, पाठीवर पंचवीस किलोंचं ओझं देऊन. तेही दमूनभागून, झोप न झालेल्या अवस्थेत. बहुतेक जण मध्येच सोडून जातात. चिखल कशाला, असं कुणी विचारेल. अहो, शत्रूच्या किनाऱ्यावर जेट्टी बांधून कोण ठेवणार आहे? पाण्यातून जमिनीवर जाताना मध्ये गाळ येतोच.

१९८७ साली हे दल उभं राहिलं आणि त्याच वर्षी श्रीलंकेत त्याची कसोटी लागली. जाफन्याला गुरुनगरची जेट्टी तमिळ वाघांच्या, म्हणजे एलटीटीईच्या, हातात होती. लेफ्टनंट अरविंद सिंग यांची तुकडी रात्री छोट्या बोटींनी जवळ गेली, पुढे पोहत गेली, सुरुंग लावले आणि जेट्टी उडवली. सिंग यांना महावीर चक्र मिळालं. पुढे काश्मिरात वुलर सरोवरात हीच माणसं ठेवली गेली, कारण अतिरेकी होड्यांतून सरोवर पार करायचे. स्थानिकांत मिसळता यावं म्हणून यांनी दाढ्या वाढवल्या, तर लोकांनी नावच ठेवलं, 'दाढीवाली फौज'. नौदलात दाढी ठेवायला परवानगी असते म्हणा, त्यामुळे फार त्रास झाला नसावा!

या सगळ्यातून मला दिसतं ते एवढंच: या माणसांचं खरं कसब न दिसता पोचण्यात आहे. गोळीबार त्यानंतरचा. आणि नेमकं मुंबईत आपण त्यांना याच्या उलट काम दिलं.

२६ नोव्हेंबर २००८. मार्कोसची तुकडी ताजमध्ये शिरली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. नौदलाचं पश्चिम मुख्यालय तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. तरी उशीर का? शहरातल्या हल्ल्याला नौदल आपणहून धावत नाही. राज्य सरकारनं मागणी करायची, मग माणसं निघणार. आत गेले तर नकाशा हातात नाही, दिवे गेलेले, धूर, आणि कुठल्या दाराआड पाहुणा आणि कुठल्या दाराआड मारेकरी, कळायला मार्ग नाही. चेंबर्स नावाच्या भागात पाहुणे मोठ्या संख्येनं अडकले होते. तिथल्या एका अंधाऱ्या खोलीत प्रवीण तेवतिया सगळ्यांत पुढे शिरले आणि समोरून गोळ्या आल्या. कान फाटला, फुप्फुस जखमी झालं, तरी ते मागे फिरले नाहीत. चेंबर्समधले पाहुणे पुढे बाहेर काढता आले. तेवतियांना शौर्य चक्र मिळालं. वैद्यकीय मंडळानं पूर्वीच्या कामाला अयोग्य ठरवल्यावर या गृहस्थानं मॅरेथॉन धावायला घेतली आणि पुढे पोहणं, सायकल आणि धावणं अशी तिहेरी आयर्नमॅन स्पर्धा पूर्ण केली. इकडे ताजमध्ये त्या सकाळी दिल्लीहून एनएसजी, म्हणजे दहशतवादविरोधी कमांडो दल, आलं आणि मार्कोस बाजूला झाले. दुसऱ्या दिवशी पत्रकारांसमोर बसले ते तोंडावर काळा कपडा बांधून. आपल्यापैकी बहुतेकांनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा, आणि तेही चेहरा न दिसता.

पण पाण्याचं दल पाण्यावर काय करतं, ते पाहायचं तर मार्च २०२४ कडे या. 'रुएन' नावाचं मालवाहू जहाज सोमाली चाच्यांनी डिसेंबरमध्ये पळवलं होतं आणि आता तेच घेऊन ते दुसरी जहाजं लुटायला निघाले होते. भारताच्या किनाऱ्यापासून २,६०० किलोमीटर. आयएनएस कोलकाता या युद्धनौकेनं त्यांना गाठलं. चाच्यांनी गोळ्या झाडल्या, ड्रोन पाडला. नौदलानं जहाजाचं सुकाणू निकामी केलं. मग हवाई दलाच्या सी-१७ विमानातून दोन बोटी आणि मार्कोस पॅराशूटनं थेट समुद्रात सोडले. लाटांवर उतरायचं, बोट गाठायची, आणि जहाजाकडे निघायचं. चाळीस तास हे चाललं. ३५ चाच्यांनी शरणागती पत्करली, १७ खलाशी सुखरूप सुटले. त्या पस्तिसांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं.

त्याच वर्षी जानेवारीत 'लीला नॉरफोक' या जहाजाचे २१ खलाशी चाच्यांच्या भीतीनं एका सुरक्षित खोलीत स्वतःला कोंडून बसले होते, त्यांत १५ भारतीय. मार्कोसनी जहाजाचा कोपरान् कोपरा तपासला, चाचा एकही सापडला नाही. नौदलाचा इशारा ऐकून पळाले असावेत. एक गोळी न झाडता संपलेल्या अशा मोहिमेची बातमी दोन दिवसांत विरते. मला मात्र तीच जास्त भारी वाटते.

आता तुमच्या गावची गोष्ट, पण आधी मुंबईची. २६ नोव्हेंबरचे ते दहा हल्लेखोर कफ परेडच्या मच्छीमार नगरला उतरले, तेव्हा तिथल्या माणसांनी त्यांना हटकलं होतं. त्यांना उर्मट उत्तर मिळालं आणि विषय तिथेच राहिला. सप्टेंबर २०१६ मध्ये तुमच्या उरणच्या शाळकरी मुलांनी काळ्या कपड्यांतली, हत्यारं घेतलेली माणसं पाहिल्याचं सांगितलं. अख्खी मुंबई सावध झाली, नौदल, पोलीस, कमांडो, सगळे डोंगर पालथे घालू लागले. काहीच मिळालं नाही. नंतर कुणी कुणी त्या मुलांची थट्टा केली, असं मला इथल्याच एका शिक्षकानं सांगितलं.

ती मुलं आता कॉलेजात असतील, कदाचित सभागृहातही असतील. असतील तर व्याख्यान झाल्यावर मला भेटा. मला त्या दिवसाबद्दल विचारायचं आहे. आणि बाकीच्यांनी प्रश्न आत्ताच विचारावेत, परतीची लाँच भरतीवर आहे.