आधी व्होल्टेज ठरवा, मग बॅटऱ्या घ्या

नमस्कार मंडळी. आज घरच्या सोलरच्या बॅटऱ्या कशा जोडायच्या ते बघू. टेबलावर दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या ठेवल्यात बघा, दोन्ही बारा व्होल्ट, दीडशे एएच, म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीचा साठा, आणि हा व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर. एकीला लावतो, १२.६. दुसरीला, १२.६. आता एकीच्या प्लसपासून दुसरीच्या मायनसला हा जंपर जोडला आणि राहिलेल्या दोन टोकांना मीटर लावला, किती दिसतं? २५.२. ही झाली सिरीज, व्होल्ट डबल, एएच मात्र दीडशेच. जंपर काढून प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडलं की परत १२.६, पण एएच तीनशे, ही झाली पॅरलल. दोन्हीकडे साठवलेली वीज तेवढीच, साधारण साडेतीन युनिट, कसंही जोडा. मग लोक विचारतात की वीज तेवढीच तर कशीही जोडली तर काय बिघडतं? बिघडतं, आणि खूप बिघडतं, ते माझ्याच हातून झालंय म्हणून सांगतो.

घाटमाथ्यावर एका धनगरवाड्यात, जिथे लाइनच पोचली नव्हती, मी एका घरात सोलर बसवला. लाइट, टीव्ही, मिक्सर आणि एक छोटा फ्रिज. चार बॅटऱ्या सगळ्या पॅरललमध्ये, बारा व्होल्टचा इन्व्हर्टर, बॅटऱ्या पडवीत आणि इन्व्हर्टर माजघरात, मध्ये चार मीटर तार, १० स्क्वेअर एमएमची. मला वाटलं झकास झालं. आठ दिवसांनी घरमालकाचा फोन, रेंज यायला टेकावर चढून केलेला, की दादा बॅटरी फुल्ल दाखवते आणि फ्रिज चालू झाला की सगळं घर अंधारात. मी म्हटलं बॅटरी खराब असेल, गेलो, चारही तपासल्या, एकदम टणटणीत. मग इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर मीटर धरला आणि घरमालकांना म्हटलं फ्रिज लावा. बॅटरीपाशी १२ व्होल्ट आणि इन्व्हर्टरपाशी १०.५ च्या खाली, आणि कट-ऑफच, म्हणजे इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो तो आकडा, १०.५ ला. दीड व्होल्ट त्या तारेतच गेला होता.

आता हिशोब करा. वॉट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. हजार वॉटचा लोड बारा व्होल्टवर ८३ अँपिअर, त्यात इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो ते धरलं की पंच्याण्णवच्या आसपास. तोच लोड चोवीसवर सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस, आणि अठ्ठेचाळीस व्होल्टवर चोवीसच. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट ओढतो, तिथे शंभर-सव्वाशे अँपिअर सहज जातात. जाऊन-येऊन आठ मीटर तांबं, १० स्क्वेअर एमएम, रेझिस्टन्स ०.०१४ ओहमच्या जवळपास, ११० ने गुणा, दीड व्होल्ट. बारातला दीड गेला तर संपलंच. चोवीसवर करंट निम्मा म्हणजे ड्रॉप पण निम्मा, पाऊण व्होल्ट, आणि तोही चोवीसमधून, कट-ऑफ एकवीसला, इन्व्हर्टरला कळतसुद्धा नाही. तारेत जी वीज गरम होऊन वाया जाते ती तर चौथ्या हिश्श्यावर येते, कारण ती करंटच्या वर्गावर चालते.

मग दोन-दोनच्या सिरीज करून चोवीसचा इन्व्हर्टर लावला, बॅटऱ्या भिंतीच्या मागेच आणल्या, तार २५ ची टाकली. जुना इन्व्हर्टर मी परत घेतला, कारण चूक त्यांची नव्हती. तेव्हापासून माझा नेम आहे, पाच-सातशे वॉटपर्यंत बारा चालेल, दोन हजारापर्यंत चोवीस, त्याच्या पुढे अठ्ठेचाळीसच. इन्व्हर्टरवर जे लिहिलंय तेवढ्याच व्होल्टची बँक, म्हणजे एकत्र जोडलेल्या बॅटऱ्यांचा संच, लागते, चोवीसच्या इन्व्हर्टरला बारा दिले तर तो उठणारच नाही, आणि बाराच्याला चोवीस दिले तर आतलं किट जळतं, तिथे दया नाही.

चार्ज कंट्रोलरचं, म्हणजे पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळतो त्याचं, पण हेच. तो अँपिअरवर मोजतात. साठ अँपिअरचा एमपीपीटी, म्हणजे पॅनेलचा जास्त व्होल्ट बॅटरीला हवा तसा उतरवून घेणारा कंट्रोलर, बारा व्होल्टच्या बँकेवर साधारण सातशे-आठशे वॉटची पॅनेल झेपवतो, तोच अठ्ठेचाळीसवर, म्हणजे त्या मॉडेलला अठ्ठेचाळीस चालत असेल तर, तीन हजाराच्या आसपास. आणि स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर घेऊन ७२ सेलचं मोठं पॅनेल बारा व्होल्टच्या बॅटरीला जोडू नका, पॅनेल सदतीस व्होल्टवर काम करू बघतं आणि तो कंट्रोलर त्याला चौदावर ओढून आणतो, अर्ध्याहून जास्त वीज हवेत.

आता लिथियमवाल्यांनी नीट ऐका, कारण इथे आकडे फसवतात. बारा व्होल्ट हे नुसतं नाव आहे, लेड अॅसिड, म्हणजे ही टेबलावरची, प्रत्यक्षात साडेदहापासून चार्जिंगला १४.४ पर्यंत फिरते. लिथियम फॉस्फेटचा सेल ३.२ चा, फुल्ल चार्ज ३.६५. बाजारात ‘अठ्ठेचाळीस’ म्हणून पंधरा सेलचा पॅक पण मिळतो आणि सोळा सेलचा पण. सोळावाला ५८.४ ला भरतो, पंधरावाला ५४.७५ लाच. लेड अॅसिडच्या सेटिंगवर चार्जर ५७.६ देत राहिला तर पंधरावाल्याचा बीएमएस, म्हणजे पॅकच्या आतलं सेल सांभाळणारं सर्किट, खटकन तोडतो आणि माणूस म्हणतो बॅटरी खराब. खालच्या बाजूला पण तेच, बेचाळीसचा जुना कट-ऑफ तसाच ठेवला तर सोळा सेलमध्ये एकेक २.६ पर्यंत उतरतो, बीएमएस बंद होतो, मग ती बॅटरी उठवायला धावपळ. ४८ च्या आसपास ठेवा.

पॅरलल करावंच लागलं तर एक बघा, प्लस पहिल्या बॅटरीवरून काढा आणि मायनस शेवटच्या बॅटरीवरून. दोन्ही तारा पहिल्याच बॅटरीवरून काढल्या तर तीच जास्त राबते आणि तीच आधी मरते. बॅटरीच्या अगदी जवळ डीसीचा फ्यूज हवा, एसीची एमसीबी तिथे लावू नका, डीसीचा आर्क, म्हणजे तुटताना उडणारी ठिणगी, सहजासहजी तुटत नाही.

हां, मागून प्रश्न आलाय, चोवीसची बँक आहे आणि घरात बाराचे लाइट आहेत, तर एकाच बॅटरीवरून बारा काढले तर? काढू नका ताई. ती एक बॅटरी रोज जास्त उतरते, पण चार्जर दोघींना मिळून बघतो, त्यामुळे ती कधीच पूर्ण भरत नाही आणि शेजारची जास्त चार्ज होऊन पाणी उकळते, वर्षभरात दोन्ही जातात. चोवीस टू बारा डीसी कन्व्हर्टर मिळतो, तो पूर्ण बँकेच्या दोन टोकांवर जोडा, पुढे छोटा फ्यूज टाका, आणि मग त्यावर लाइट, मोबाइल चार्जर, काय लावायचं ते लावा.