पंचवीस गुणांचा प्रश्न

नमस्कार श्रोतेहो. इंग्लंडमध्ये सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या वयात, ए-लेव्हल अर्थशास्त्र घेतलेल्या मुलांचे गुण जातात ते बहुधा 25 गुणांच्या प्रश्नात. एक्यूए या परीक्षा मंडळाचा पहिला पेपर 80 गुणांचा आणि वेळ दोन तास. गुणामागे दीड मिनिट, तेव्हा या उत्तराला सुमारे 37 मिनिटं मिळतात. त्यातली पहिली पाच आराखड्याला द्यावीत.

समजा प्रश्न आहे: गोड शीतपेयांवरचा कर योग्य आहे का? ब्रिटनमध्ये हा कर एप्रिल 2018 मध्ये आला. तेव्हाचे दर असे होते: 100 मिलिलिटरला 5 ग्रॅम किंवा जास्त, पण 8 पेक्षा कमी साखर असेल तर लिटरमागे 18 पेन्स, 8 ग्रॅम किंवा जास्त असेल तर 24. म्हणजे 330 मिलिलिटरच्या गोडमिट्ट कॅनवर तेव्हा जवळजवळ 8 पेन्स.

आता उत्तरातली मागणी-पुरवठ्याची आकृती. कोणत्या किंमतीला लोक किती घेतील ते मागणीचा वक्र दाखवतो, आणि उत्पादक किती विकतील ते पुरवठ्याचा. लोक कमी पितील म्हणून मुलं मागणीचा वक्र डावीकडे सरकवतात आणि तिथेच चुकतात. कर भरतो उत्पादक, म्हणून वर सरकतो तो पुरवठ्याचा वक्र. मागणीचा वक्र जागचा हलत नाही, आपण त्याच्यावरूनच वर जातो. कर लिटरमागे ठरावीक आहे, त्यामुळे नवा वक्र जुन्याला समांतर काढायचा. व्हॅटसारखा टक्क्यांचा कर असता तर दोन्ही वक्रांमधलं अंतर किंमतीबरोबर वाढत गेलं असतं. दोन वक्रांमधलं उभं अंतर म्हणजे कर. किंमत मात्र सहसा तेवढी वाढत नाही, थोडा भार उत्पादकावर राहतो. मागणी जितकी अलवचिक, म्हणजे किंमत वाढली तरी फारशी न घटणारी, तितका ग्राहकाचा वाटा मोठा. अक्षांना नावं द्या, आणि आकृतीतली अक्षरं उत्तराच्या वाक्यांत वापरा. नाहीतर ती नुसतं चित्र होऊन बसते.

उत्तरातलं मूल्यमापन, म्हणजे मुद्दे तोलून कौल देणं. ते म्हणजे ‘दुसरीकडे पाहता’ असं लिहून आणखी चार मुद्दे जोडणं नव्हे. इथे तर खरी गंमत आकृतीबाहेर आहे. कर जाहीर झाला 2016 मध्ये, आणि तो लागू होण्याआधीच अनेक कंपन्यांनी साखर 5 ग्रॅमच्या खाली आणली. अशा पेयावर करच नाही, म्हणून त्याची किंमतही करामुळे वाढत नाही, तरी पोटात जाणारी साखर घटते. मग वसुली कमी झाली म्हणून कर फसला, असं म्हणता येईल का? माझ्या मते नाही, कारण दोन टप्प्यांची रचना कंपन्यांनी साखर कमी करावी म्हणूनच होती. शेवटच्या परिच्छेदात असा कौल हवा आणि तो कशाच्या आधारावर दिला तेही हवं: ‘साखर कमी करणं कंपन्यांना स्वस्तात जमत असेल, तर हा कर योग्य.’