मामाच्या गावाची वाट

ग. दि. माडगूळकरांच्या ‘झुकझुक अगीनगाडी’ या गाण्यात वाटेवर एकही स्थानक येत नाही. गाडी धूर सोडत निघते, झाडे उलट पळू लागतात आणि मामाच्या गावात पाऊल पडण्याआधीच तिथल्या पेठा सोन्याचांदीच्या ठरलेल्या असतात.

गोव्यातल्या बहुतेक मराठी मुलांना ही गाडी केवळ गाण्यातूनच ठाऊक होती. मुरगाव ते कॅसलरॉक हा लोहमार्ग १८८८ पासून आहे खरा, पण तो मडगाव, सावर्डे, कुळे असा दक्षिणेकडून जातो. उत्तर गोव्यातल्या पेडण्याला रूळ आले ते कोकण रेल्वेबरोबर, १९९० च्या दशकात, आणि सत्तरी तालुक्यात ते आजही नाहीत. मामाकडे जायचे ते फेरीबोटीने किंवा गोव्याच्या सरकारी कदंब बसने. त्यामुळे गाडी शाळेच्या अंगणातच जोडली जाई. पुढच्याच्या सदऱ्याचे टोक धरून डबे उभे राहत, पहिला मुलगा कोपरे पुढेमागे हलवत इंजिन होई आणि शेवटचा गार्ड फणसाचे पान हिरवा झेंडा म्हणून दाखवी. मध्येच कोणाचा हात सुटला की गाडी रुळावरून घसरल्याचा एकच गलका होई. खरे तर गाण्यात संकट मुळीच नाही. ते मुलांनी आपल्या पदरचे घातले, आणि माझ्या मते खेळाची सगळी गोडी त्यातच होती.

ज्यांचे आजोळ बेळगावकडे, त्यांच्या वाट्याला मात्र खरी गाडी आली. भारताने पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्याची १९५५ मध्ये आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा ती वाटही बंद झाली आणि गोवा मुक्त झाल्यावरच पुन्हा सुरू झाली.

कुळ्याच्या पुढे घाट लागतो. तिथे साधारण ३७ फुटांमागे एक फूट असा चढ असल्यामुळे गाडीला जादा इंजिनांचा जोर लावावा लागतो, आणि ती इतकी सावकाश चढते की गाण्यातली पळती झाडे इथे जेमतेम चालतात. पावसाळ्यात दूधसागर धबधब्याचे तुषार थेट खिडकीतून आत येतात, वळणावर आपल्याच गाडीचे तोंड दिसते, आणि एकामागून एक येणारे बोगदे मोजताना मुलांची हमखास भांडणे होतात. पुढच्या बोगद्यात गवा बसला असेल, अशी शंका कोणीतरी काढतोच. हा मार्ग भगवान महावीर अभयारण्यातून जातो आणि त्या रानात गवे आहेत, त्यामुळे मोठ्यांनाही ती शंका पूर्णपणे खोडून काढता येत नाही.